मावशीच्या नावाचा दगड

वेधशाळेत तिला सगळे मावशीच म्हणत. घुमट फिरवणारी चाकं, त्यांचा रूळ आणि छपराची झडप ही तिची जहागीर. झडप अडकली की मोठमोठे शास्त्रज्ञ "मावशी, बघता का जरा?" म्हणत दारात उभे, आणि मावशी ग्रीसचा डबा घेऊन शिडीवर. कामाला वाघ, जिभेने फटकळ. पण कुणाचं शुभकार्य निघालं की हीच बाई मागच्या मागे पसार व्हायची.

कारण जुनं होतं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं, तेव्हा नवरा बांधकामाच्या परांचीवरून पडून गेला. सासू म्हणाली, "पांढऱ्या पायाची आहे ही." पुढे सासूही गेली, पण ते बोलणं मावशीला चिकटलं ते चिकटलंच. जावेला नातू झाला, तर हिने त्याला दारातूनच पाहिलं.

अशा बाईचं नाव आकाशात जायची वेळ आली, ती ताईंमुळे. ताई म्हणजे त्या घुमटाखाली काम करणाऱ्या शास्त्रज्ञ. आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळाने काढलेले फोटो त्या पाहत होत्या. सगळे तारे जागच्या जागी, फक्त एक ठिपका सरकलेला. तो नवा लघुग्रह, म्हणजे सूर्याभोवती फिरणारा दगड निघाला. त्याची कक्षा पक्की व्हायला काही वर्षं गेली, मग नाव सुचवायचा मान शोधणारीला मिळाला. ताई म्हणाल्या, "मावशीचं नाव सुचवणार. झडप उघडली नसती, तर मी काय छप्पर बघत बसले असते?"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मावशी मात्र मागच्या मागे घरी निघून आली. नेमकी तेव्हाच कुठलासा दगड पृथ्वीजवळून जाणार असल्याची बातमी टीव्हीवर चालू होती. भाजी निवडता निवडता जाऊ म्हणाली, "जाऊबाई, हा तुमचा तर नाही ना?" बिचारी थट्टा करत होती. पण मावशीला घास गोड लागेना. दगड कुणाच्या घरावर पडला तर? जगभर आपलं नाव निघणार आणि सासू खरी ठरणार!

दुसऱ्या दिवशी दुपारी चाकांना ग्रीस लावताना तिने ताईंना सांगून टाकलं, "माझं नाव नको. कुणा चांगल्या पायाच्या बाईचं द्या."

ताईंनी खोदून विचारलं, तेव्हा सगळं बाहेर आलं. ताई हसल्या नाहीत. तिच्याशेजारी पायरीवर बसल्या.

"टीव्हीवरचा दगड वेगळा, मावशी. आपला मंगळ आणि गुरू यांच्या मधल्या पट्ट्यात आहे. माणूस जन्मायच्या कितीतरी आधीपासून तिथेच फिरतोय. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही."

"आणि माझं नाव लागल्यावर इकडे वळला तर?"

"कसा वळेल? आपण इथे बसून त्याला काहीही म्हटलं, तरी तो आपल्याच वाटेने जाणार."

"काहीही म्हटलं तरी?"

"काहीही."

"म्हणजे नुसतं म्हटल्याने कुणी तसं होत नाही," मावशी आपल्या ग्रीसच्या हातांकडे बघत म्हणाली. मग तिला रडू फुटलं, आणि रडता रडता इतकं हलकं वाटलं की हसूही आलं.

"पाठवा माझं नाव," ती कोपराने डोळे पुसत म्हणाली. "आणि सासूबाई चुकल्या होत्या. आज पहिल्यांदाच तोंडाने बोलतेय मी हे. साफ चुकल्या त्या."