मधल्या फलाटावरची लाख

कंपनीकडून रेल्वे सरकारने घेतली, तेव्हा गोंदियाच्या मालधक्क्यावर मी मालबाबू होतो. कंपनीचा गोरा साहेब उर्मट होता, पण निदान एकच होता. सरकारने त्याच्या जागी तीन नेमायचं ठरवलं आणि या थेराला 'व्यवस्थापनाची पुनर्रचना' असं भारदस्त नाव दिलं. मोठ्या लाइनीचा साहेब वेगळा, लहान लाइनीचा वेगळा आणि दोहोंच्या मधल्या फलाटाचा तिसरा. एका गाडीतला माल दुसरीत चढायचा तो याच फलाटावरून. तिसऱ्या साहेबाची खुर्ची आली, टेबल आलं, पंखा ओढायला माणूसही आला. साहेब तेवढा यायचा राहिला होता.

दिवाळीच्या सुमारास माझ्या थोरल्या भावाने छत्तीसगडातून लाखेचं बियाणं मागवलं. बियाणं म्हणजे लाखेचे जिवंत किडे चिकटलेल्या काड्यांच्या जुड्या. किडे बाहेर पडायच्या आत त्या झाडांना बांधायच्या, नाहीतर सगळं वाया. दादाने अर्जुनीकडची पळसाची झाडं मक्त्याने घेतली होती. धानाची जमीन त्याला नव्हतीच. वर्षभराचं पोट त्या पळसांवर होतं.

जुड्या मोठ्या लाइनीने आल्या, मधल्या फलाटावर उतरल्या आणि तिथेच पडून राहिल्या. समोर अर्जुनीच्या गाडीचा रिकामा डबा उभा. मोठ्या लाइनीचा साहेब म्हणाला, माल माझ्या हातून सुटला. लहान लाइनीचा म्हणाला, माझ्या हाती अजून आला नाही. हमाल बिड्या ओढत बसले, कारण त्यांना हुकूम देणारा साहेब यायचा होता. असल्यांच्या हाती बैलगाडीही देऊ नये, आणि सरकारने रेल्वे दिली होती.

माझा निरोप मिळताच दादा धावत आला. तोवर जुड्यांवर तांबडी भुकटी सांडल्यासारखी दिसू लागली होती, आणि ती भुकटी चालत होती.

"जीव निंगून रायले, साहेब. मीच उचलून नेतो ना. कायले अडवता?"

"माल रेल्वे के कब्जे में है," मोठ्या लाइनीचा साहेब म्हणाला. मग तो खाली वाकला आणि दचकून मागे सरला. "अरे, इसमें तो कीड़े हैं!"

किडेच पाठवलेत, असं मी ओरडून सांगितलं. ऐकतो कोण! शेजारी तांदळाची पोती रचलेली होती. त्यांना कीड लागेल या भीतीने दोन्ही साहेबांचं क्षणात एकमत झालं. जो फलाट कोणाचाच नव्हता, तो एकाएकी दोघांचा झाला. बादल्या आल्या, जुड्यांवर फिनेल ओतलं गेलं आणि त्याच दुपारी माल लहान लाइनीच्या डब्यात चढला. त्या तत्परतेची मला आजही शिसारी येते.

अर्जुनीला मी दादासोबत उतरलो. तिथल्या बाबूने माल बरोबर मिळाल्याची सही मागितली.

"जित्ता माल मागवलो होतो, मेलेला नेऊन रायलो. सही कायले पायजे?" दादा म्हणाला. बाबूने खांदे उडवले. अखेर दादाने सही केली.

घरी वहिनीने त्या काड्या चुलीत घातल्या. फिनेलचा वास भाताला लागला. दादा सगळा भात जेवला, आणि हात धुताना म्हणाला, उद्यापासून बिडीच्या कारखान्यात जातो.