म्हातारबा काय म्हणाला

घोडेस्वारी शिकवणाऱ्या मास्तरीणबाईंनी आयुष्यात कुणाची भीड ठेवली नव्हती. लगाम ढिला सोडणारे शिकाऊ, ओलं गवत गळ्यात मारणारा गवतवाला, सगळ्यांची त्या सारखीच हजेरी घ्यायच्या. पण सगळ्यात जास्त वाभाडे निघायचे ते जनावरांशी मनातल्या मनात बोलणाऱ्या त्या बाईंचे. आपण फोटो पाठवायचा आणि बाई फोनवर सांगणार, तुमचं मांजर रुसलंय, तुमच्या घोडीला निळं खोगीर आवडत नाही.

"घोड्याला जे सांगायचं ते तो कानांनी सांगतो, शेपटीनं सांगतो, आणि तरी कळलं नाही तर लाथेनं सांगतो," मास्तरीणबाई म्हणायच्या. एकदा त्या बाई तबेल्यात आल्या, तेव्हा सगळ्यांदेखत मास्तरीणबाईंनी त्यांना फाटकाबाहेर काढलं होतं.

आणि नेमका मास्तरीणबाईंचाच धाकटा भाऊ त्या बाईंच्या नादी लागला. त्याची बायको गेली आणि मागे तिचा घोडा राहिला, म्हातारबा. बाई फोनवर त्याचे निरोप सांगायच्या: तो तिची आठवण काढतो, ती बरी आहे म्हणतो. भाऊ पुन्हा दोन घास जेवायला लागला, हसायला लागला. तेव्हा मास्तरीणबाईंनी राग गिळला. त्यांना गप्पही बसता येतं, हे तबेल्याला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

मग ती दुपार आली. म्हातारबा तबेल्यातल्या आपल्या ठाणात आडवा पडला होता, घामानं निथळत होता, मान वळवून सारखा पोटाकडे बघत होता. डॉक्टरांनी तपासलं आणि बादलीत हात धुतले.

"आतड्याला पीळ पडलाय. या वयात ऑपरेशन सोसायचं नाही त्याला. दुखणं थांबवायचं औषधही आता लागू पडत नाहीये. सोडवू या त्याला."

भाऊ ठाणाच्या दारात आडवा उभा राहिला. हातात फोन होता.

"मी आत्ताच बाईंशी बोललोय. त्याला जगायचंय. कुणी सुई लावायची नाही."

घोडा त्याचा. त्यानं हो म्हटल्याशिवाय डॉक्टरांचे हात बांधलेले. आत म्हातारबानं भिंतीवर डोकं आपटलं. मास्तरीणबाईंनी भावाच्या हातातून फोन ओढून घेतला आणि तडक दाण्याच्या खोलीत जाऊन त्या बाईंना लावला.

"मी कोण ते ओळखलं असेलच," त्या फोनवर म्हणाल्या. "माझं चुकलं म्हणा, काय हवं ते म्हणा. पण माझ्या भावाला सांगा, घोड्याला जायचंय."



"मला जे ऐकू येतं तेच मी सांगते," बाई म्हणाल्या. "माझ्यावर तुमचा विश्वास नाही, आणि खोटं मात्र माझ्याकडूनच बोलवून घ्यायचंय?"

फोन बंद झाला. राग यायला हवा होता. आली ती लाज.

त्या परत आल्या. भावाच्या काखेखालून वाकून ठाणात शिरल्या, गवतात गुडघे टेकले आणि म्हातारबाच्या ओल्या मानेवर कान ठेवला. आतून नुसती धाप ऐकू येत होती.

"तो म्हणतोय, आता पुरे."

भाऊ त्यांच्याकडे बघतच राहिला. "ताई, तुला ऐकू येतं?"

"आज आलं."

"तिच्याबद्दल काही म्हणतो का गं?"

मास्तरीणबाईंनी डोळे मिटले. भावजय त्यांच्या डोळ्यांसमोरच तर वावरली होती. "म्हणतो, बसायच्या आधी ती हातमोजा काढायची आणि माझा कान चोळायची."

भावाचा चेहरा पिळवटून निघाला. तो दारातून बाजूला झाला, आत येऊन बसला आणि उघड्या हातानं म्हातारबाचा कान चोळत राहिला. डॉक्टरांनी सुई भरली.

बातमी मात्र तबेल्यात दडून राहत नाही. काही दिवसांनी एक मालकीण आपली तपकिरी घोडी घेऊन मैदानाच्या कडेला आली. "मास्तरीणबाई, हिनं दाणा सोडलाय. जरा विचारता का हिला, काय झालंय?"

पूर्वी मास्तरीणबाईंनी तिला तिथल्या तिथे झापलं असतं. पण कुंपणाला टेकून भाऊ उभा होता, आणि त्याचा सगळा जीव डोळ्यांत गोळा झाला होता. नाही म्हटलं, तर त्या दुपारी आपण थाप मारून त्याचा घोडा मारला, असंच तो धरून चालणार.

त्यांनी घोडीच्या मानेवर कान ठेवला. घोडी श्वास घेत होती, बाकी काही नाही.

"ती म्हणतेय," मास्तरीणबाई म्हणाल्या, "मला आधी डॉक्टरांना दाखवा."

कुंपणापाशी भावानं पटल्यासारखी मान डोलावली.