खालाची तांबडी आणि माझी काबरी

लग्नाच्या दुसऱ्या वर्षी यांना जालन्यात कापसाच्या जिनात काम लागलं. निजामाचं राज्य होतं तेव्हा. राजूरजवळच्या आमच्या खेड्यातून बैलगाडीत बिऱ्हाड भरलं, त्यात एका डाल्याखाली माझ्या तीन तलंगा, कोवळ्या कोंबड्या, होत्या. एक काळी, एक पांढरी, एक काबरी. अजून अंड्यावर आल्या नव्हत्या. सासूबाई म्हणाल्या, "शहरात कशाला गं ही बिलामत?" पण मला गावाकडचं काहीतरी जिवंत सोबत हवं होतं.

आमच्या खोलीपुढे फरशीचं आवार होतं, ते शेजारच्या टांगेवाल्याच्या घराशी सामाईक. टांगेवाल्याची बायको माझ्या आईच्या वयाची. पहिल्याच दिवशी चहाचा पेला हातात देऊन म्हणाली, "मला खाला म्हण, मावशीच समज." तिच्या पाच कोंबड्या होत्या आणि त्यांची पाटलीण म्हणजे एक जाडजूड तांबडी.

डालं उचलायचा अवकाश, तांबडी माझ्या तलंगांवर तुटून पडली. काळीची तर डोक्यावरची पिसंच उपटली. तिघी चुलीमागे येऊन दडल्या. मला रडूच आलं.

"रोती कायकू?" खाला म्हणाली. "नये घरात आधी असंच. मंग बराबर होतं."

आम्ही दाणे दोन कोपऱ्यांत टाकायला लागलो, पाण्याची थाळीही वेगळी ठेवली. हळूहळू तांबडीचा धावून येण्याचा जोर ओसरला. पण पांढरीची पाठ उघडी पडत चालली. रोज थोडी पिसं कमी. एक दिवस रक्त दिसलं. मी हळद भरली, तरी संध्याकाळी जखम पुन्हा ओली. टांगेवाले चाचा म्हणाले, "लाल दिसलं की चोच जाते तिथं. काळं करा." त्यांनी टांग्याच्या आसाचं वंगण आणून दिलं, ते मी पाठीला फासलं. बिचारी पांढरी कोळशाच्या पोत्यातून निघाल्यासारखी दिसायची.

खालाला मात्र लाज वाटत होती. ती तांबडी तिने पिल्लापासून हातावर वाढवलेली. तरी एक दिवस तिने स्वतःच तिला पकडलं, डाल्याखाली कोंडलं आणि वर पाटा ठेवला. "दुसऱ्याच्या लेकराला मारती, शरम न्हाई?" असं तिला रागवत होती आणि डाल्याच्या फटीतून ज्वारीही सारत होती.

तांबडी आतून दिवसभर ओरडायची. आणि पांढरीची पिसं जातच राहिली!

"मंग मारून कोण राह्यलंय?" मी विचारलं.

त्या दुपारी आम्ही दोघी दारात गोधडी शिवत बसलो, पण लक्ष कोंबड्यांकडे. खालाच्या कोंबड्या सावलीत डोळे मिटून होत्या. पांढरी भिंतीला टेकून बसलेली. तिच्यामागे माझी काबरी अगदी शहाण्यासारखी आली, मान वाकडी करून पाहिलं, एक पीस उपटलं आणि दाणा गिळावा तसं गिळून टाकलं. मग दुसरं.

मी सुई टाकून उठले. "आगं बाई! ही तर माझीच!"

खाला हसत सुटली. हसता हसता उठली आणि आधी पाटा काढून तांबडीला सोडलं. तिला पोटाशी धरून म्हणाली, "माफ कर गे मेरी माँ." तांबडीने तिच्या हातालाच टोचलं.

रात्री यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "काप तिला. रविवारी कालवण होईल." दोन घरांतून आम्ही दोघी एकदमच ओरडलो. खालाने भिंतीपलीकडून ऐकलं होतं.

काबरी गावात असं कधीच करत नव्हती. मी आठवून पाहिलं. तिथे ती सकाळी उकिरड्यावर चढायची ती दिवस मावळेपर्यंत उकरत राहायची. किडे, अळ्या, पाला, काय काय वेचायची. इथे नुसती फरशी. झाडलेली, स्वच्छ. खालाला म्हटलं, "हिला इथं कामच न्हाई हो."

चाचा रोज तबेल्यातली लीद आणि उष्टं गवत टोपल्यात भरून बाहेर टाकायचे. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी ते आवाराच्या कोपऱ्यात ओतायला सुरुवात केली. मी मेथीच्या काड्यांची जुडी बांधून दोरीला उंच टांगली, उडी मारल्याशिवाय चोच पोचू नये अशी. पांढरीला वंगण सुरूच होतं आणि तिची जखम भरेपर्यंत काबरीला मी दाव्याने खुंटीला बांधून ढिगाजवळच ठेवायची.

काबरी त्या ढिगावर अशी तुटून पडली की मागे लीद उडून चाचांच्या धोतरावर. तांबडीही आली, दोघी एकाच ढिगावर पाठीला पाठ लावून उकरायला लागल्या. एकमेकींकडे बघायलाही फुरसत नव्हती त्यांना. पांढरीच्या पाठीवर आधी काटे आल्यासारखे कोंभ दिसले, मग पिसं. थोडी वाकडी आली, पण आली.

पुढे तिघी अंड्यावर आल्या, तर साऱ्याच त्या ढिगाच्या आडोशाला अंडी घालायला लागल्या. कोणतं कुणाचं कळेना. खाला सकाळी सगळी गोळा करायची, दोन वाट्यांत वाटायची आणि जास्त भरलेली वाटी माझ्याकडे सरकवायची. मी नको म्हटलं की म्हणायची, "तू दो जीवाची हाय, चूप बैठ."

मी अजून कुणाला सांगितलंही नव्हतं. तिला कसं कळलं कोण जाणे.