तेहतिसावं घर

आधीच सांगून टाकतो, मी भूगोलाचा मास्तर. जे नकाशावर दाखवता येत नाही त्यावर माझा कधी विश्वास बसला नाही... आणि माझं घोडं अडलं ते नेमकं नकाशावरच. माझा नातू पुण्यात गेम डिझाइनमध्ये मास्टर्स करतोय. त्यानं गेल्या दिवाळीत मला जे दाखवलं, त्यामुळे हे लिहायला बसलोय.

एकोणीसशे सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. मी मूळचा वाईचा. सांगलीत विश्रामबागला खोली घेऊन एम.एड. करत होतो. प्रबंधासाठी मुलांना नकाशाचं प्रमाण शिकवणारा खेळ तयार करत होतो. सापशिडीसारखा पट, पण त्यात सापांऐवजी एक गाव – देऊळ, दीपमाळ, विहीर, पार. पटावरचं एक घर म्हणजे दहा पावलं. गाव कुठलंच नाही, माझ्या डोक्यातलं.

पट लिनोवर, म्हणजे लिनोलियम चिकटवलेल्या लाकडी ठोकळ्यावर, कोरून छापायचा होता. लिनोवर चित्र उलटं कोरावं लागतं, तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. मी शहाणा, ते विसरून सुलटंच कोरलं! छापल्यावर गावाचं डावं-उजवं फिरलं. म्हटलं, काल्पनिक गावाला कसली आलीय दिशा. तसेच वीस पट छापले आणि आकडे, नियम हातानं लिहिले.

तेहतिसाव्या घरात एक उंबर आणि खाली पांढरा दगड उमटला होता. माझ्या पेन्सिलच्या आराखड्यात ते घर रिकामं होतं, आणि ते कोरल्याचं मला आठवेना. कोरलं असेल कंटाळ्यात, म्हणून सोडून दिलं. तिथे नियम लिहिला – ‘एक डाव थांबा’.

खेळ मुलांवर तपासायला पाटणला गेलो. तिथल्या शाळेत माझे दाजी शिक्षक होते. चौथीची बारा मुलं खेळायला बसवली... आणि बाराही जणांची सोंगटी तेहतिसावर येऊन थांबली. मी फासा बदलला. पुन्हा तेच. मुलांना मजा वाटत होती, मी फासा उलटसुलट करून बघत होतो.

शाळेत पाणी भरणाऱ्या हौसाबाई मागे उभ्या राहून बघत होत्या. पन्नाशीच्या असतील. त्यांचं गाव कोयनेच्या धरणात गेलं होतं, हे मला दाजींनी नंतर सांगितलं. त्या खाली बसल्या आणि पटावर बोट ठेवत गेल्या. ही हीर, ह्यो पार, ही दीपमाळ. मी हसून म्हणालो, बाई, विहीर आणि पार कुठल्या गावात नसतात? त्यांचं बोट उंबरापाशी थांबलं.

“मास्तर, हितं माझं लेकरू हाय. पर तुमी समदं उलटं काडलंय.”

तान्ह्या लेकराला जाळत नाहीत, पुरतात. त्यांचा आठ महिन्यांचा मुलगा गेला, तेव्हा उंबराखाली पुरून वर पांढरा दगड ठेवला होता. मग पाणी आलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की विहिरीचा काठ आणि दीपमाळ उघडी पडायची, पण उंबर गेलेला, सगळा गाळच गाळ. दर वर्षी त्या जायच्या, शोधायच्या आणि आणलेलं दूध तसंच परत घेऊन यायच्या. त्याच्या जागेवर एकदा दूध घालायचं, एवढीच बाईची इच्छा होती.

मुलांना छपाई दाखवायला आणलेला लिनोचा ठोकळा मी पिशवीतून काढला. त्यावर गाव सुलटं होतं. त्यांनी त्यावरून हळूच हात फिरवला आणि रडायला लागल्या.

मे महिन्यात मी, दाजी आणि त्या असे तिघे गेलो. ठोकळ्यावर विहिरीपासून उंबरापर्यंत सात घरं होती. दीपमाळ उजव्या हाताला ठेवून मी सत्तर पावलं मोजली. दाजींनी हातभर गाळ उकरला. खाली कुजकं खोड, आणि त्याच्या बुडाशी पांढरा दगड.

हौसाबाईंनी दूध घातलं. उठताना म्हणाल्या, “आवं मास्तर, त्या घरात कुनाला थांबवू नगा आता. लय थांबलाय त्यो. जाऊ द्या त्याला.”

सांगलीला आल्यावर मी सगळ्या पटांवरचा तो नियम खोडला. एक पट तेवढा ट्रंकेत तळाशी राहून गेला. प्रबंध पास झाला. त्यात यातलं काही लिहिलं नाही, लिहून सांगणार तरी काय?

गेल्या दिवाळीत नातवाला तोच न खोडलेला पट सापडला. गोष्ट मी त्याला कधीच सांगितली नव्हती. त्यानं त्यावरून कॉम्प्युटरवर गेम केला, नियमांसकट. दोन दिवसांनी वैतागून माझ्याकडे आला. म्हणाला, आजोबा, कुठेतरी बग आहे. शेकडो वेळा खेळवून बघितलं, बाकी सगळ्या घरांवर सोंगटी थांबते, तेहतिसावर एकदाही थांबत नाही. कोड तीनदा नव्यानं लिहिला, चूक काही सापडत नाही.

मी स्क्रीनकडे बघत होतो. सोंगटी बत्तिसावर आली, पुढचा फासा पडला आणि ती उंबरावरून सरळ पुढे निघून गेली.

“राहू दे,” मी त्याला म्हटलं. “दुरुस्त नको करूस.”