आंब्यांच्या जलद गाडीने पुण्याला

शाळेला सुट्टी लागली आणि केलगेरीचे बागाईतदार बसप्पाअण्णा धारवाडात मळमड्डीला आमच्याकडे आले. "यंदा आंबा स्वतः पुण्याला नेतो, मास्तर. तिथल्या आडत्यानं मला बसप्पा म्हणून वळखलं पायजे. तुम्ही येता?" पुण्यात माझे व्याही राहतात आणि एक आडत्या त्यांच्या ओळखीचा. मी ऐटीत हो म्हटले.

पूर्वी आंबा साध्या मालगाडीने जाई. गाडी जागोजाग खोळंबे आणि पुण्यात करंड्यांतून रस गळे. म्हणून लोक झाडावरचे फळच व्यापाऱ्याला विकून मोकळे होत. आता हंगामात फळांची जलद गाडी सुटते. तिच्या वाघिणींना, म्हणजे मालडब्यांना, हवेसाठी फटी आहेत आणि मालाबरोबर जाणाऱ्यांसाठी शेवटी एक डबा. बाके अरुंद आहेत, तेव्हा वळकटी न्यावीच. लोंढ्याला चहा बरा मिळतो. मिरजेची भजी मात्र शिळी निघाली.

बेळगावच्या पुढे अण्णांनी फडके सोडले. जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, घट्ट दही. "ऊटा माडरी, मास्तर, जेवा." एकाच फडक्यावर दोघे जेवलो. घरी हे कुणाला खपले नसते, पण गाडीत कोण बघतो? फार मोकळे वाटले.

सकाळी पुण्याच्या मालधक्क्यावर उरलेली भाकरी खात होतो, तोच व्याही आडत्याला घेऊन आले. व्याह्यांची नजर फडक्यावर खिळली.

"हे कोण?"

मुलीच्या सासरी काय म्हणतील, एवढेच डोक्यात आले. हातातला तुकडा मी अण्णांकडे सरकवला. "आमचा गडी. न्याहरी करतोय."

अण्णांना मराठी उत्तम कळते. त्यांनी माझ्याकडे पाहिले, फडके बांधले आणि माझी वळकटी डोक्यावर घेतली.

"म्हणजे बाग आपली, रावसाहेब?" आडत्याने विचारले. अजूनही सावरता आले असते. मी "हो" म्हणालो.

माल चांगल्या भावाने गेला. परतीच्या वाटेत मी म्हटले, "चुकलं माझं, अण्णा." "बिडरी," एवढेच ते म्हणाले. सोडून द्या म्हणणे त्यांना जमले, मला जमत नाही. लाज वाटते, आता व्याह्यांची नव्हे, माझी मलाच.

काल धारवाड स्टेशनावर गेलो. पुढचा माल चढत होता आणि अण्णा स्वतः डांबराने करंड्यांवर माझे नाव घालत होते. मी कुंचला धरला.

"सोडा, मास्तर. पुण्यात हेच नाव ठाऊक हाय. दुसरं घातलं तर माल अडकंल."