पहिल्या गाडीचा डबा

अक्षर वाकडंतिकडं आहे आणि शुद्धलेखनाच्या चुकाही पुष्कळ असतील, त्याबद्दल आधीच माफी मागते. कुणाची मागते ते मलाही माहीत नाही, कारण हे मी कुणाला दाखवणार नाही. माझी शाळा चौथीपर्यंत झाली. धाकटा भाऊ झाला, त्याला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून मला शाळेतून काढलं. चारचौघांत मला तेव्हाही बोलता यायचं नाही, आताही येत नाही.

लिहायचं आहे ते एवढंच, की मला माझ्या पोटच्या लेकीचा हेवा वाटायचा.

नव्वद सालानंतरची गोष्ट. आम्ही नवरा-बायको काष्टीच्या आणि आसपासच्या आठवडी बाजारांत मिरची, हळद, चिंच विकायचो. लेक बारावी पास झाली, तिला नगरच्या कॉलेजात घालायचं ठरलं. फी आणि खोलीच्या भाड्यासाठी थोरल्या जाऊबाईंकडून पैसे घेतले. थोरले दीर साखर कारखान्यात कायम होते, त्यांचं बरं चाललं होतं. आम्ही बाजारासाठी टेम्पो करायचं सोडलं, पोती एसटीच्या टपावर टाकायला लागलो. ह्यांनी चहा बंद केला. माझी चप्पल तुटली ती नवी घेतली नाही. याचं काही वाटलं नाही. लेकरासाठी सगळेच करतात.

खानावळ परवडणारी नव्हती, म्हणून घरून डबा जायचा. आमच्याकडच्या बऱ्याच आया तसंच करायच्या. पहाटेच्या पहिल्या गाडीला डबे द्यायचे, कंडक्टर ते ड्रायव्हरपाशी ठेवायचा, आणि पोरं नगरच्या स्टँडवर येऊन आपापला डबा ओळखून न्यायची. संध्याकाळच्या गाडीनं रिकामा डबा परत. आमच्या डब्याला हिरव्या खणाचा तुकडा बांधलेला असायचा.

आधी भाकरी द्यायचे. मग ती म्हणाली, "आई, भाकरी दुपारपर्यंत वाळती गं. चपात्या दे ना." आमच्यात गहू सणालाच यायचा, तो तिच्यापुरता यायला लागला. अंधारात उठून चपात्या लाटायचे, वास घरभर व्हायचा, आणि डबा बांधला की त्याच तव्यावर आमच्या दोघांच्या बाजरीच्या भाकरी टाकायचे. मला हेवा चपातीचा नव्हता. माझ्यासाठी कधी कुणी असं उठलं नव्हतं, त्याचा होता.

रविवारी घरी आली की ती दारात पाय लांब करून पुस्तक वाचायची. मी शेजारी मिरच्यांची देठं खुडत बसायचे, हातांची नुसती आग व्हायची. वाचता वाचता ती मधेच एकटी हसायची. काय लिहिलंय गं, असं विचारावं वाटायचं. विचारायचे नाही. उलट म्हणायचे, "ऊठ, पानी आन जा." ती निमूट उठायची. पान सापडावं म्हणून माझ्याच ढिगातलं एक देठ पुस्तकात घालून ठेवायची. त्या देठाचासुद्धा मला राग यायचा.

दुसऱ्या वर्षी जाऊबाई त्यांच्या भाच्याचं स्थळ घेऊन आल्या.

"पोरगा कारखान्यात लागलाय, घरी बागायत हाय. आनखी काय पायजे?"

"शिकतीया ती अजून, वहिनी," हे म्हणाले.

"शिकून काय कलेक्टर व्हनार हाय? पैसं माझं गुतल्यात भावजी, म्हनून बोलते. ह्ये लगीन करा, मी एक रुपाया मागनार न्हाई."

ह्यांनी मान खाली घातली. "पर ती ऐकायची न्हाई."

"आठ दिस डबा बंद करा. बघा कशी पळत येती घरला." मग माझ्याकडं वळल्या. "काय गं? का तोंडात मिरची धरून बसलीस?"

खरं सांगते, क्षणभर मला बरं वाटलं. तीही माझ्यासारखी अर्ध्यातून येईल, देठं खुडेल, तिच्याही हातांची आग होईल. मग मला कुणाचा हेवा करावा लागणार नाही. पण लगेच मनात आलं, मग एवढं सोसलं ते माझ्यासारखीच आणखी एक घरात बसवायला? तिचा हेवा करायचाच, तर तो मला पुरा करायचा होता, पदवीपर्यंतचा.

"डबा जाईल," मी म्हणाले. "अन् पैसं बी देऊ."

"आगं बया, हिला वाचा फुटली की!" जाऊबाई उठून गेल्या, चहाला थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी पहाटे पैसे कुठून फेडायचे याचाच हिशोब करत होते, त्यात दोन चपात्या करपल्या. तशाच डब्यात घातल्या. गाडी चुकवायची नव्हती.

त्यानंतर आम्ही लांबचे बाजार धरले, पार पारनेरपर्यंत गेलो. लेक पदवी पास झाली. तो कागद तिनं माझ्या हातात दिला. वर तिचं नाव, मग ह्यांचं नाव, मग आडनाव. मी दोनदा वाचलं. माझं नाव कुठंच नव्हतं. पेढे वाटायला निघाले तेव्हाही हेवा गेला नव्हता.

त्याच उन्हाळ्यात शेवटचे पैसे घेऊन आम्ही जाऊबाईंकडं गेलो. लेक म्हणाली, मीपण येते. जाऊबाई नोटा मोजायला लागल्या आणि त्यांना शिंका सुरू झाल्या, एकामागून एक. नोटा मिरचीच्या पिशवीत ठेवलेल्या होत्या, त्याचं मला भानच राहिलं नव्हतं. लेक हसली, हेही हसले.

"माझा जीव घेती का काय गं?" जाऊबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. मग नोटा कमरेला खोचून म्हणाल्या, "फिटलं बाई. समदं फिटलं."