दवाखान्याच्या बोर्डावर मी चिकटवलेला कागद

मागच्या आठवड्यात माझ्या हातून एक जीव जाता जाता राहिला. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यात, दरेकसाच्या बाजूला जंगलाला लागून असलेल्या एका गावात मी ग्रामसेविका आहे... गावाचं नाव लिहीत नाही, कारण यात चूक गावाची नाही, माझी आहे.

जिल्हा परिषदेच्या निवडणुकीची आचारसंहिता लागलेली. सकाळी मी ऑफिसात मतदार यादी घेऊन बसले होते आणि आमचे शिपाई सुखरामभाऊ चहा देता देता कुरकुरत होते. मत तर देऊ, पण सरकारनं आमच्यासाठी केलं काय, हा त्यांचा नेहमीचा प्रश्न.

माझं डोकं आधीच फिरलेलं. ऑफिसात राजकारण नको, असं म्हणून मी त्यांना गप्प केलं.

अर्ध्या तासात शेतावरून फोन आला. धानाचा भारा उचलताना सुखरामभाऊंच्या बायकोला, फुलनबाईंना, साप चावला होता. भाऊंचा चहा टेबलावर तसाच राहिला.

माझी गाडी समोरच होती. शेतावर पोचलो तर बाई बांधावर बसलेल्या, पाय घोट्यापासून सुजत चाललेला, गुडघ्याखाली कोणीतरी दोरी करकचून बांधलेली. घोणस होती, असं सोबतच्या बायकांनी सांगितलं.

एकानं जडीबुटीवाल्याचं नाव काढलं, त्याच्यावर मी अशी खेकसले की तो मागेच सरकला. गोंदियाला न्यायचं, यावर बाकी सगळ्यांचं एकमत. आमच्याकडे साप चावला की गोंदिया, हे इतकं पाठ झालंय की दुसरा विचारच कोणी करत नाही. मीही केला नाही.

चार किलोमीटरवर रस्त्यालाच आमचं आरोग्य केंद्र लागतं. त्याच्यासमोरून मी गाडी भरधाव काढली... तापाची गोळी आणि बाळांची लस, याच्यापलीकडे तिथे काय मिळणार?

मागच्या सीटवर फुलनबाईंचं डोकं भाऊंच्या मांडीवर. आधी त्या कण्हत होत्या, मग उलटी झाली, मग आवाजच बंद झाला. भाऊ सारखे विचारत होते, अजून किती राहिलं... आणि मी दर वेळी खोटं सांगत होते.

त्यात रेल्वे फाटक बंद. मालगाडी येऊन नेमकी तिथेच थांबलेली. मी हॉर्न दाबून धरला, जशी काही माझ्या हॉर्नला घाबरून मालगाडी हलणार होती. आरशात पाहिलं तर बाईंच्या हिरड्यांतून रक्त येत होतं. मी देवाचं नाव घ्यायलासुद्धा विसरले.

तेवढ्यात काचेवर टकटक झालं. आमच्या गावची आशा सेविका स्कूटीवरून मीटिंगला निघालेली, तीही फाटकावर अडकली होती. तिनं आत वाकून पाहिलं आणि चकित झाली.

"मॅडम, इकडे कुठे जाऊन राहिल्या? सापाचं इंजेक्शन आपल्याच दवाखान्यात आलं ना. बोर्डावर लिहिलं होतं... तुम्हीच तर त्याच्यावर कागद लावला."

गाडी कशी वळवली, आठवत नाही. आठवत होता तो फक्त बोर्ड.

आचारसंहिता लागली तेव्हा नेत्यांचे फोटो असलेले सगळे बोर्ड ताबडतोब झाका, असा आदेश आला होता. दवाखान्याच्या बोर्डावर हे एवढाले हसरे चेहरे, कोणाच्या प्रयत्नानं काय मंजूर झालं त्याची नावं... आणि सगळ्यात खाली, बारीक अक्षरात सापाच्या इंजेक्शनची एक ओळ. मी शिडीवर चढून अख्ख्या बोर्डाला कागद चिकटवला. खाली खळीची बादली धरून सुखरामभाऊच उभे होते. ती ओळ दोघांपैकी एकानंही वाचली नव्हती.

डॉक्टर केंद्रातच होते. त्यांनी सांभाळून दोरी सोडवली, सलाइन लावलं, इंजेक्शन सुरू केलं. थेट इथेच का नाही आणलं, असं त्यांनी विचारलं तेव्हा भाऊ बाईंच्या तोंडावरचं रक्त पुसत होते. मी फरशीकडे बघत राहिले.

रक्त थांबलं तेव्हा कुठे मी बाहेर येऊन पायरीवर बसले, आणि ढसाढसा रडले. संध्याकाळी ॲम्ब्युलन्सनं बाईंना पुढच्या उपचारासाठी गोंदियाला नेलं.

दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या निवडणूक कार्यालयात फोन केला. चेहरे आणि नावं झाका, रुग्णांसाठीची माहिती उघडी असली तरी चालेल, असं त्यांनी सांगितलं. हे मी आधी विचारलं असतं तर? शिडी लावली, ब्लेडनं खालची पट्टी कापून ती ओळ मोकळी केली, आणि कोतवालाला बाजारात दवंडी द्यायला लावली... काय मिळतं, कुठे मिळतं, बस. कोणाचंही नाव नाही.

तेव्हापासून एकच विचार छळतोय. काम कोणी केलं हे सांगायला आम्हाला अख्खा बोर्ड पुरत नाही, आणि काम काय झालं ते मात्र एका ओळीत उरकतो. मग मतदारानं विचारलं, केलं काय... तर राग आम्हालाच येतो!

काल फुलनबाई घरी आल्या. भेटायला गेले आणि सगळं कबूल करून टाकलं, कागद, खळी, सगळं. त्यांनी सुजलेला पाय उशीवर नीट ठेवला आणि शांतपणे विचारलं,

"फोटो झाकाचे होते त झाकाचे, मॅडम... दवाई कायले झाकली?"

बाई, हे विचारायला तुम्ही आहात, हेच माझं नशीब.